साडेचारचं रक्त

बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला आपटलेला माणूस कुटुंबात फार धोक्याचा असतो. नापास झाला म्हणून नाही, त्याला अर्धं आठवतं म्हणून. आमच्या कुटुंबात तो माणूस मी आहे. कोणाच्याही रक्ताचा, लघवीचा, थायरॉइडचा कागद निघाला की तो आधी माझ्या मोबाइलवर येतो. मी कपाळावरचा चष्मा नाकावर आणतो, ठळक छापलेला आकडा शोधतो आणि ‘हं’ म्हणतो. ठळक म्हणजे वाईट, एवढीच माझी विद्या. त्या ‘हं’वर मी वीस वर्षं काढली. काका, मामी, साडू, सगळे त्या ‘हं’ची वाट बघत थांबायचे, आणि मला त्याची लाज वाटण्याऐवजी भूक लागली होती.

पोटासाठी मी धानोऱ्याच्या बाजूला एका शाळेत भूगोल शिकवतो. तिथल्या पानठेल्यावर मला ‘अर्धे डॉक्टर’ म्हणतात. हा मान नसून टोमणा आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

माझी मोठी बहीण, जिला आम्ही सगळेच बाई म्हणतो, सिंदेवाहीला राहते. भाऊजी गेल्यापासून एकटीच. एक मुलगी आहे, ती लग्न होऊन अहेरीला. बाईला जन्मापासून सिकलसेल आहे. आमच्या लहानपणी त्याला हे नाव नव्हतं, ‘वात’ म्हणायचे. थंडी पडली की बाईची हाडं आतून पिळल्यासारखी दुखायची आणि आई मोहाच्या बियांचं तेल कोमट करून तिचे गुडघे चोळत बसायची. बाई ओरडायची नाही, चटईचं टोक दातात धरायची. त्या चटईचा एक कोपरा कायम कुरतडलेला असायचा, आणि मी लहान असताना समजायचो की तो उंदरानं कुरतडला आहे. म्हणजे निदान चुकवण्याची सवय मला तेव्हापासूनची.

काही वर्षांपासून बाईला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून रोजची एक कॅप्सूल मिळते. त्या कॅप्सूलनं तिला माणसात आणलं. वर्षाला पाच-सहा वेळा अंथरूण धरणारी बाई सहा-सहा महिने दुखणं विसरायला लागली. फक्त ही कॅप्सूल रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करते, म्हणून दर महिन्याला पेशी मोजून घ्यायच्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक आकडा लिहून त्याला गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘याच्या खाली आल्यास गोळी थांबवा व लगेच मला दाखवा.’ मराठीत, सुवाच्य अक्षरात. यात न कळण्यासारखं काही नव्हतं, पण मी होतो ना.

बाई धानाच्या संशोधनाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, रोजंदारीवर जाते. रोवणी-कापणीची बाई नाही ती. दोन धानांचा संकर करायचा असतो तेव्हा तिला बोलावतात. फूल उमलायच्या आधी, आदल्या सांजेला, लोंबीतल्या एकेका दाण्याचं टोक बारीक कात्रीनं कातरायचं, आतले सहा तंतू चिमट्यानं काढायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचा पराग वरून झाडायचा. साहेब लोकांना पदव्या आहेत, पण त्यांच्या हाताला थरथर आहे. बाईचा हात हलत नाही. दुखण्याच्या दिवसांत मात्र तिला कात्री धरता येत नाही, आणि फुलाचा हंगाम असतो पंधरा-वीस दिवसांचा. तेवढ्यात अंथरूण धरलं तर गेलं सहा महिन्यांवर. बाईसाठी ती कॅप्सूल म्हणजे ही कात्री होती.

तर भाऊबीजेला मी बायकोला घेऊन गेलो. ओवाळून झालं, अनारसे खाऊन झाले, आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली तिची फाइल मला दिसली. दुसऱ्याची फाइल दिसली की माझा हात आपोआप जातो. सगळे आकडे ठीक होते. गोल केलेल्या आकड्याच्या वर, पण फार वर नाही. मला ठळक असं काहीच सापडेना. आता सगळं ठीक आहे असं म्हणून फाइल परत अडकवणं हे ज्याला जमतं तो खरा शहाणा. मी विचारलं,

“बाई, हे रक्त तू किती वाजता देतेस?”

मी बाईशी तिला काही शिकवायचं असलं की शाळेतल्या मराठीत बोलतो. एरवी नाही.

“सुटी झाल्यावर. साडेचारले. लॅब रस्त्यातच तं आहे.”

“उपाशी देतेस ना?”

“उपाशी काऊन? डबा खाऊन, चहा पिऊन जावाचं. दिवसभर बांधीत वाकून राहिल्यावर उपाशी कोन राहील गा?”

“आणि लॅबवाली काही म्हणत नाही?”

“म्हनते ना. म्हनते, आलीस का वो, बस.”

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे तपासणी म्हणजे पहाटेची आणि उपाशीपोटी, हा धर्म आहे. साखर तपासायची असो की हाडाचा फोटो काढायचा असो, माणूस आदल्या रात्री आठला जेवून घेतो आणि सकाळी थुंकी गिळायलाही घाबरतो. माझा साडू कान तपासायला उपाशी गेला होता. पहाटेचं रक्त खरं, दुपारचं रक्त म्हणजे चहा-भाजी मिसळलेलं, असं आमच्या सात पिढ्यांचं शास्त्र, आणि मी त्या शास्त्राचा घरातला पुरोहित.

“हे सगळे रिपोर्ट खोटे,” मी जाहीर केलं. “ओवाळणी म्हणून मी तुझी मोठ्या लॅबमध्ये पूर्ण तपासणी करून देतो. पहाटे निघू.”

“साडी चालली असती मले,” बाई म्हणाली.

माझी बायको आतून म्हणाली, “द्या ना जी साडी. रक्त काय ओवाळणीत घेतात?” पण बायकांचं ऐकून कोणी पुरोहित झालेला नाही.

पस्तीस किलोमीटरवरच्या मोठ्या गावाकडे आम्ही मोटारसायकलवर निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते. तो रस्ता जंगलातला. उजाडायच्या आधी त्या रस्त्यानं दुचाकीवर जाऊ नका अशा वनखात्याच्या पाट्या आहेत, आणि वाघाला वाचता येत नसलं तरी मला येतं. धुकं असं की बांध्या आणि आभाळ एकच झालं होतं. बाईनं शाल डोक्यावरून घेतली होती, तरी तिचे दात वाजलेले मला पाठीत ऐकू येत होते.

“पानी तरी पिऊ दे गा, घशाले कोरड पडली.”

“पाणी पण नाही. तपासणी झाल्यावर पी.”

सिकलसेलच्या बाईला थंडीत, उपाशी, पाण्याशिवाय पस्तीस किलोमीटर. हे एवढं एकाच सकाळी जमवायला नुसता अडाणीपणा पुरत नाही, शिक्षण लागतं.

सात वाजून दहा मिनिटांनी रक्त घेतलं. संध्याकाळी कागद मोबाइलवर आला. पांढऱ्या पेशी डॉक्टरीणबाईंच्या गोलाच्या खाली. थोड्याच, पण खाली. आणि ठळक अक्षरात.

मला वाईट वाटलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मला आनंद झाला. मी बरोबर होतो. साडेचारच्या चहात भिजलेल्या आकड्यांनी आम्हाला फसवलं होतं आणि पहाटेच्या शुद्ध रक्तानं सत्य सांगितलं होतं. गोळी बाईच्या पेशी खात होती. मी पुठ्ठ्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचलं, ‘याच्या खाली आल्यास गोळी थांबवा,’ आणि फाइल मिटली. ‘व लगेच मला दाखवा’ हे शब्द तिथंच होते. अर्ध्या डॉक्टरनं अर्धं वाक्य वाचलं.

“मंग डाक्टरीन बाईले दाखवाचं का?” बाईनं विचारलं.

“जिल्ह्याला जाऊन दिवसभर रांगेत बसायचं, आणि त्या काय वेगळं सांगणार? गोळी बंद. मी आहे ना.”

‘मी आहे ना’ या तीन शब्दांनी आपल्याकडे जितकी माणसं झोपवली असतील तितकी सापांनी झोपवली नसतील.

बाईनं ऐकलं. ती ऐकणारी नाही, पण धाकटा भाऊ शिकलेला आहे असं आईनं तिला मरताना सांगून ठेवलं होतं. आईलाही निदान जमायचं नाही. मी परत धानोऱ्याला आलो आणि पानठेल्यावर सभा भरवली. आमच्या शाळेतल्या मंडळींना प्रत्येक रोगावर मत आहे आणि एकालाही रोगी बघवत नाही. एकानं पपईच्या पानांचा रस सांगितला. दुसरा म्हणाला, सरकारी गोळ्या गरमच असतात. तिसऱ्यानं कोणाच्या तरी आत्याचा दाखला दिला, ती अशाच गोळीनं गेली होती, नंतर कळलं की ती विहिरीत पडून गेली होती. मी या थोर लोकांकडे तुच्छतेनं पाहत होतो आणि पपईचं झाड कोणाच्या परसात आहे हेही विचारत होतो.

दोन आठवड्यांनी रविवारी मी पुन्हा गेलो. पुन्हा साडेपाच, पुन्हा धुकं, पुन्हा घशाला कोरड. या वेळी पेशी गोलाच्या वर आल्या. गोळी बंद केल्यावर पेशी चढणार, यात माझं काय कर्तृत्व? पण मी सगळं श्रेय अंगाला लावून घेतलं. बाईच्या मुलीला अहेरीला फोन करून सांगितलं, “तुझ्या आईला मी वाचवलं.” ती बिचारी “मामा, देव तुमचं भलं करो” म्हणाली. तिचं ते वाक्य मला अजून टोचतं.

बाई त्या दिवशी पपईच्या पानांचा रस हातात घेऊन बसली होती. म्हणाली, “हे कडू जहर तू पिऊन पाह्य एक डाव.” मी मोठेपणानं घोटभर प्यायलो आणि घरामागच्या सांदवाडीत जाऊन थुंकलो. तिनं ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

जानेवारीत शेजारणीचा फोन आला. बाईला सकाळपासून उठता येत नव्हतं. मी आणि बायको पोचलो तोवर तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. वॉर्डात ती कुशीवर पडली होती, सलाइन चालू होतं, आणि तिच्या दातात चादरीचं टोक होतं. ओरडत नव्हती. त्या क्षणी मला आमची ती चटई आठवली, आणि उंदीर कोण होता तेही कळलं.

बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, “जा, आता ‘हं’ करून या तिच्यापुढं.”

दुखणं जरा उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी फाइलमधले सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि एकेका कागदाच्या कोपऱ्यावर पेन टेकवत गेल्या. मी वीस वर्षं रिपोर्ट वाचले, त्या कोपऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तिथं रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते. चार चाळीस. चार पस्तीस. चार पन्नास. चार चाळीस. आणि मग सात दहा, सात पाच.

“वेळ कोणी बदलली?” त्यांनी विचारलं.

“मी. म्हणजे, उपाशीपोटी खरं येतं म्हणून.”

“या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, सर. आणि खरं तर दोन्ही वेळेचं आहे. पांढऱ्या पेशी काही दिवसभर एका आकड्यावर बसून राहत नाहीत. काही रक्तातून फिरत असतात, काही शिरांच्या भिंतीला टेकून असतात. मोजणीत फक्त फिरणाऱ्या येतात. सकाळी त्या कमी असतात, दुपारनंतर वाढतात. चाललं, जेवलं, कुठे दुखलं, तरी हलतात. बऱ्याच लोकांना या फरकानं काही होत नाही. पण यांचा आकडा गोळीमुळे मुद्दामच रेषेजवळ ठेवलेला आहे. तुम्ही चारच्या आकड्यांशेजारी सातचा आकडा ठेवला आणि म्हणालात, घसरला.”

मी म्हणालो, “पण तो तुमच्या रेषेच्या खाली होता.”

“होता. म्हणून तर लिहिलंय, लगेच मला दाखवा. मी पुन्हा मोजून घेतलं असतं, नेहमीच्या वेळी. कदाचित चार दिवस गोळी थांबवलीही असती. दोन महिने नसती थांबवली.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही काय शिकवता?”

“भूगोल.”

“मग मुलांकडून तो काठीचा प्रयोग करून घेत असाल. मैदानात काठी रोवून सावली मोजायची.”

घेतो. दर वर्षी घेतो, पाचवीला. आठ वाजता, बारा वाजता, चार वाजता चुन्यानं खुणा. कोणी वेळ न लिहिता नुसती सावलीची लांबी वहीत मांडली तर मी त्याला वर्गात उभं करतो. विचारतो, “काय रे, काठी वाढली का?” सगळा वर्ग हसतो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांना पुढचे पेशंट होते.

मग त्यांनी थंडीतला प्रवास, पाणी, उपाशीपण, एकेक विचारलं आणि मी एकेक कबूल केलं. प्रत्येक उत्तरावर त्या नुसतं “बरं” म्हणत. माझ्या ‘हं’पेक्षा ते ‘बरं’ फार वाईट होतं.

वॉर्डात येऊन मी बाईला सगळं सांगितलं. शाळेतल्या मराठीत सुरुवात केली आणि मध्येच ती मराठी माझ्या तोंडातून गळून पडली. “बाई, चूक झाली वो. पेशी सकाळी कमीच राहतेत म्हनते. मले मालूम नव्हतं.”

तिनं डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाली, “धानाचं फूल किती वाजता उघडते, सांग.”

“मले काय मालूम.”

“दहाले उघडते. बारा वाजले का मिटते. सकाळी सातले बांधीत उभा राहशीन तं एक फूल दिसनार नाई. मंग काय म्हनशीन, धान वांझ आहे? आमच्याकडं नवीन साहेब आला का पहिल्या दिवशी हेच म्हनते. दुसऱ्या दिवशी गप राहते.” ती थांबली, श्वास घेतला. “तू दोन महिने काऊन लावले गा?”

बायको म्हणाली, “साहेब लोक एका दिवसात शिकतेत बाई, हे मास्तर आहेत.”

बाई हसली, आणि हसल्यानं बरगडीत कळ आली म्हणून पुन्हा चादर दातात धरली. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. नळावर दोन माणसं एकमेकांना कोणत्या रोगावर काय प्यावं ते सांगत होती. मला त्यांच्या मुस्कटात मारावीशी वाटली. मग ती माणसं म्हणजे मीच, हे ध्यानात आलं आणि हात ओलेच घेऊन परतलो.

कॅप्सूल पुन्हा सुरू झाली. पण तिचा असर यायला वेळ लागतो, आणि उन्हाळी धानाचं फूल कोणासाठी थांबत नाही. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी बाईला सांगून ठेवलं होतं: महिना झाला की मोजायचं, आकडा रेषेच्या वर राहिला तर गोळी चालू आणि बांधीत कामाला जायची मुभा, नाहीतर पुन्हा इथं. बाईला तेवढंच पाहिजे होतं. तिनं कात्रीला धार लावून ठेवली होती.

ती मोजणी ज्या दिवशी होती त्या दिवशी मी रजा टाकून गेलो. बाईनंच फोन करून बोलावलं, पण काम सांगितलं ते असं: “गाडी आन. साडेचारले लॅबपर्यंत सोडून दे. बाकी काही करू नोको.”

मी सवयीप्रमाणे सकाळीच पोचलो. तिनं मला बांधीवर नेलं. दहा वाजून गेले होते. तिनं एक लोंबी माझ्या बोटांत दिली. हिरव्या दाण्यांची तोंडं उघडली होती आणि त्यांतून पिवळसर धागे लोंबत होते, राईएवढेही नाहीत. मी पन्नास वर्षं भात खातो आणि हे कधी पाहिलं नव्हतं. जेवून परत आलो तर तीच लोंबी मिटलेली, जणू काही झालंच नव्हतं.

“पाह्यलं?” बाई म्हणाली.

“पाह्यलं.”

“मंग आता चूप बस.”

साडेचारला चहा पिऊन आम्ही रस्त्यावरच्या त्या छोट्या लॅबमध्ये गेलो. लॅबवाली म्हणाली, “आलीस का वो, बस. चार महिने कुठी होतीस?” बाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. लॅबवालीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कागदावर आधी वेळ लिहिली, मग नाव. तासाभरानं कागद आला. माझा हात आपोआप पुढे गेला. बाईनं कागद घेतला, पुठ्ठ्यावरच्या गोलाशेजारी धरून स्वतः पाहिला, दोनदा पाहिला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

मी विचारलं नाही. गाडी चालवत घरी आलो. पाय धुऊन ती आत गेली, डबीतून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि तांब्यावरचा पेला सुलटा करून भरभरून पाणी प्यायली, माझ्याकडे बघत. मग खिळ्यावरची फाइल काढून तिनं कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, आणि म्हणाली, “उद्या सांजच्याले लोंब्या कातरावाच्या आहेत. लवकर झोपाचं आहे मले. तू उजेड आहे तोवर निघ, पाट्या वाचत जा.”